खर्जाच्या तारेशी भांडणारा हम: साउंड कार्ड निवडण्याचं एक प्रकरण

"संगीत ऐकण्यासाठी कॉम्प्युटरमध्ये कुठलं साउंड कार्ड टाकून घेऊ, सांग बरं." प्रश्न एवढाच होता. विचारणाऱ्या बाई मिरजेत शास्त्रीय गायन शिकवतात. माझी धाकटी बहीण त्यांच्याकडे शिकली, त्यामुळे घरी येणं-जाणं जुनं. कॉम्प्युटर गावातल्याच दुकानातून जोडून घेतलेला, आणि आवाजाचं काम मदरबोर्डवरच्या रिअलटेक एएलसी८८७ या चिपकडे. मागच्या हिरव्या भोकातून एक वायर जुन्या स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरला गेलेली, तिथून दोन लहान बुकशेल्फ स्पीकर. रात्री घरातले झोपले की ऐकण्यासाठी बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो हेडफोन, २५० ओहमचा, मुलाने आणून दिलेला. हार्ड डिस्कवर सीडीवरून उतरवलेलं संगीत, तबकड्यांवरून झालेली जुनी मुद्रणं आणि खाजगी मैफलींच्या कॅसेटवरून कोणीकोणी करून दिलेल्या फायली.

दुकानदाराने दोन नावं कागदावर लिहून दिली होती. एक असूसचं झोनार एसेन्स एसटीएक्स, जुनं पण मिळवून देतो म्हणालेला, आणि दुसरं क्रिएटिव्हचं साउंड ब्लास्टर एई-५. पहिल्यापुढे १२४ डेसिबल, दुसऱ्यापुढे १२२ डेसिबल, आणि खाली मदरबोर्डच्या चिपचे ९७ डेसिबल. तीन आकडे एकाखाली एक लिहिले की निर्णय झाल्यासारखाच वाटतो. दोन्ही कार्डं चांगलीच आहेत, त्याबद्दल वाद नाही. एसेन्स एसटीएक्सवर तर हेडफोनसाठी वेगळा, ताकदवान अ‍ॅम्प्लिफायर आहे.

पण हे आकडे कशाचे, ते आधी बघावं लागतं. चिपचा स्वतःचा खरखराट तिच्या सर्वांत मोठ्या आवाजापेक्षा किती खाली आहे, ते मोजमाप म्हणजे हा आकडा. सीडीची १६ बिटांची झेपच सुमारे ९६ डेसिबलची. साध्या कॅसेटची पन्नास-पंचावन्नच्या आसपास, आणि ७८ आरपीएमच्या तबकडीची त्याहूनही कमी. अब्दुल करीम खाँसाहेब, ज्यांचं वास्तव्य याच मिरजेत होतं आणि जे १९३७ साली गेले, त्यांच्या तबकडीवरच्या तीन-साडेतीन मिनिटांत सुईची खरखर स्वरांच्या मागे सतत चालूच असते. ती तबकडी ९७ डेसिबलच्या चिपमधून वाजवा की १२४ डेसिबलच्या कार्डातून, खरखर तेवढीच राहणार. त्यात बाईंच्या खोलीत पंखा फिरत असतो, म्हणजे खोलीचीच शांतता चाळीस डेसिबलच्या आगेमागे.

मग तक्रार नेमकी काय होती? बाईंना मी हेच विचारलं. "आवाज चांगला येत नाही" या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी गुंडाळलेल्या निघाल्या. स्पीकरमधून सतत एक खालचा हम, म्हणजे घूं-घूं आवाज, येतो, गाणं लावलेलं नसलं तरी. हेडफोन कॅबिनेटच्या पुढच्या भोकात लावला की माऊस फिरवताना, पान वरखाली सरकवताना किर्र-किर्र ऐकू येतं. आणि हेडफोनचा आवाज पूर्ण वाढवला तरी जुनी मुद्रणं पुरेशी मोठी वाजत नाहीत. चौथी गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली: "गाणारा श्वास घ्यायला थांबला की मागचा तानपुरा एकदम पुढे येतो. मूळ मैफलीत असं नव्हतं, मी तिथे बसले होते."

ही चौथी गोष्ट ऐकून मी सगळ्यांत आधी विंडोजची सेटिंग उघडली. साउंड प्लेबॅकच्या गुणधर्मांत 'लाउडनेस इक्वलायझेशन' चालू होतं. हे सॉफ्टवेअर हळू आवाज वाढवतं आणि मोठा दाबतं. सिनेमातली कुजबुज ऐकायला त्याचा उपयोग होतो, पण ख्यालाची त्यात वाट लागते. गायक थांबला की सॉफ्टवेअरला वाटतं आवाज कमी झाला, आणि ते उरलेल्या आवाजाला, म्हणजे तानपुऱ्याला, वर ओढतं. पुन्हा स्वर लागला की तानपुरा खाली. बाईंच्या कानाने ते बरोबर पकडलं होतं. ती खूण काढली, शेजारची आभासी सराउंडची खूणही काढली, आणि पैसा न खर्चता एक तक्रार मिटली. सोबत गाणी वाजवायचं फूबार२००० हे सॉफ्टवेअर टाकून त्यात वासापीचा, म्हणजे विंडोजच्या मिक्सरला वळसा घालणारा, एक्सक्लुझिव्ह मार्ग निवडला. त्यामुळे ४४.१ किलोहर्ट्झची सीडीची फाइल विंडोजच्या मिक्सरमध्ये ४८ किलोहर्ट्झला बदलली न जाता तशीच पुढे जाते. आजच्या विंडोजमध्ये त्या बदलाने होणारं नुकसान कानाला कळणं अवघड आहे, पण तो टाळायला काही लागत नाही, तर टाळलेला बरा.

खरा वेळ गेला तो हमपायी.

अ‍ॅम्प्लिफायर चालू, कॉम्प्युटर चालू, काहीही वाजत नाही, आणि स्पीकरमधून तो खालचा आवाज. बाईंनी सांगितलं की हा हम असताना त्यांना काळी चारच्या, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला षड्ज धरून लावलेल्या, तानपुऱ्याचं मुद्रण ऐकवत नाही. त्यांच्या स्वतःच्या मुद्रणांत तर अजिबातच नाही. मी ते मनोमन मोजून बघितलं आणि थक्क झालो. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. लहान स्पीकरमधून ५० हर्ट्झ जवळजवळ येतच नाही. ऐकू येतो तो तिचा दुप्पट, १०० हर्ट्झचा सूर. काळी चारचा षड्ज सुमारे २०७.७ हर्ट्झ, म्हणजे त्या तानपुऱ्याची खर्जाची, एक सप्तक खालची, तार १०३.८ वर. १०० आणि १०३.८ एकत्र वाजले की सेकंदाला जवळपास चार वेळा आवाज फुगतो आणि बसतो. खर्जाची तार लावताना बेसूर असली की जी थरथर ऐकून खुंटी पिळतात, तीच थरथर इथे कायमची बसली होती, आणि पिळायला खुंटी नव्हती. ज्या गावात तानपुरे घडवणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या काम करतात, तिथल्या कानाला हे सहन होणं शक्यच नाही. दुसरा कोणी म्हणाला असता, "थोडा हम आहे, चालतंय." बाईंचं म्हणणं शब्दशः खरं होतं: तानपुरा बेसूर वाजत होता.

आता हा हम येतो कुठून? कॉम्प्युटरच्या बाजूने ऑडिओची वायर उपटली, हम गेला. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर ठीक. माझा लॅपटॉप चार्जर न लावता, फक्त बॅटरीवर, त्याच वायरला जोडला, तरी शांत. म्हणजे वायरही ठीक. पुन्हा कॉम्प्युटर जोडला, हम परत. इथवर बघून कोणीही म्हणेल की कॉम्प्युटरचं साउंड कार्ड खराब आहे, बदला. पण लॅपटॉप आणि या कॉम्प्युटरमधला मोठा फरक चिपचा नव्हता. कॉम्प्युटर तीन पिनच्या प्लगने भिंतीतल्या अर्थिंगला बांधलेला होता, आणि बॅटरीवरचा लॅपटॉप कशालाच बांधलेला नव्हता.

माझा संशय अर्थिंगच्या लूपवर, म्हणजे जमिनीतून जमिनीत परत येणाऱ्या बंद फेऱ्यावर गेला. असा लूप व्हायला अर्थिंगच्या दोन वाटा लागतात. अ‍ॅम्प्लिफायर दोन पिनचा, त्याला स्वतःची अर्थिंग नाही. मग दुसरी वाट कोणती? अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे बघितलं तर टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सची लाल-पांढरी वायर. बॉक्सला गच्चीवरच्या छत्रीची केबल, आणि छत्रीचा लोखंडी खांब गच्चीच्या सळ्यांना धरलेला. छत्रीची केबल बॉक्समधून काढली, हम जवळजवळ नाहीसा. चित्र पूर्ण झालं: भिंतीतली अर्थिंग, कॉम्प्युटरचं कॅबिनेट, ऑडिओ वायरचं जाळीदार आवरण, अ‍ॅम्प्लिफायर, सेट-टॉप बॉक्स, छत्रीची केबल, गच्ची, आणि पुन्हा जमीन. या दोन टोकांच्या जमिनीत किंचित व्होल्टेजचा फरक असतो. त्यामुळे आवरणातून प्रवाह वाहतो आणि तो संगीतात मिसळतो.

हे समजल्यावर दुकानदाराच्या कागदावरची दोन्ही नावं गळाली. अंतर्गत कार्ड कितीही उंची असलं तरी ते त्याच कॅबिनेटमध्ये, त्याच अर्थिंगवर बसणार. १२४ डेसिबलच्या कार्डातून तोच हम तितकाच येणार. आणि इथे अनेकांची फसगत होते ती पुढच्या पायरीवर: "मग यूएसबीचं बाहेरचं डॅक घ्या, बाहेर असलं की शांत." डॅक म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा आवाज बनवणारं यंत्र. पण यूएसबीच्या वायरमध्येही ग्राउंडची तार असते. डॅक टेबलावर ठेवलं तरी ते त्या तारेने कॅबिनेटला बांधलेलंच राहतं, लूप तसाच. बाहेरच्या डॅकने कॅबिनेटमधली किर्र-किर्र बहुधा कमी होते, अर्थिंगचा लूप मात्र त्याने तुटत नाही.

एका ओळखीच्यांनी बाईंना आणखी एक उपाय सांगून ठेवला होता: कॉम्प्युटरच्या प्लगमधली वरची जाड पिन काढून टाका, हम जाईल. जाईल, हे खरं आहे. पण कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्हींपासून बॉडीकडे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग तोडली की सगळ्या कॅबिनेटवर विजेच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज येतं आणि हात लावला की झिणझिण्या येतात. सप्लायमध्ये बिघाड झाला तर जीव जाऊ शकतो. घरात लहान मुली शिकायला येतात. मी बाईंना स्पष्ट सांगितलं, हम राहिला तरी चालेल, ती पिन काढायची नाही.

लूप तोडायची खरी जागा म्हणजे जिथे संगीत जाईल पण प्रवाह जाणार नाही. छत्रीच्या केबलमध्ये तोडता आलं असतं का? केबल टीव्ही असता तर स्वस्तातला आयसोलेटर, म्हणजे सिग्नल जाऊ देऊन ग्राउंड तोडणारा जोड, लावून काम झालं असतं. छत्रीच्या एलएनबीला, म्हणजे तिच्या तोंडाशी सिग्नल पकडणाऱ्या डबीला, मात्र त्याच केबलमधून १३ किंवा १८ व्होल्ट वर पाठवावे लागतात, ते अडवून चालत नाही. ऑडिओ वायरमध्ये लावायचे छोटे ट्रान्सफॉर्मरवाले आयसोलेटर दुकानात मिळतात, पण स्वस्तातले खालचे सूर खातात, आणि खर्ज वाचवण्यासाठी चाललेल्या खटपटीत खर्जच गमावणं मला पटेना. टीव्हीचा आवाज अ‍ॅम्प्लिफायरवरून काढून टाकणं सर्वांत सोपं होतं. त्याला घरातून विरोध झाला, आणि तो रास्त होता: सासरे सकाळचं कीर्तन याच स्पीकरवर ऐकतात.

मग मी कॉम्प्युटरच्या पाठीमागे टॉर्च मारून बघितलं. हिरव्या, निळ्या, गुलाबी भोकांशेजारी लहान चौकोनी झडप होती. ती ऑप्टिकल आउटपुट होती. कधी कोणी वापरलेली नव्हती, पहिल्या दिवसापासून बंद. तोशिबाने १९८३ साली आणलेली ही जोडणी प्लास्टिकच्या तंतूतून लाल प्रकाशाने आकडे पाठवते. त्यात धातूची तारच नाही, तर ग्राउंड जोडणार कसा? २४ बिट, ९६ किलोहर्ट्झपर्यंत ती बिनघोर चालते, आणि बाईंचा जवळपास सगळा संग्रह १६ बिट, ४४.१चा.

त्या झडपेने निवड ठरवली. कार्ड नको, बाहेरचं डॅक हवं, आणि त्याला यूएसबीबरोबर ऑप्टिकल इनपुट हवंच. शिवाय त्याला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर हवा, कॉम्प्युटरच्या यूएसबीवर वीज घेणारं चालणार नाही, नाहीतर ग्राउंड मागच्या दाराने परत येतो. हा शेवटचा मुद्दा जाहिरातीत कधी दिसत नाही, पण आमच्यासाठी तोच निर्णायक होता.

उरला हेडफोनचा प्रश्न. डीटी ९९० प्रोचा अधिकृत आकडा एका मिलिवॅटला ९६ डेसिबल. मदरबोर्डमधून साधारण १ व्होल्ट मिळतो असं धरलं, तर २५० ओहमवर ४ मिलिवॅट, म्हणजे १०२ डेसिबल. ऐकायला भरपूर वाटतं, पण हे शिखर आहे. संथ ख्यालाच्या मुद्रणात सरासरी आवाज शिखरापेक्षा वीस-पंचवीस डेसिबल खाली असतो, आणि कॅसेटवरून आलेल्या फायली त्याहून हळू भरलेल्या. म्हणजे आलाप ऐकताना कानावर सत्तर-पंचाहत्तर डेसिबल, त्यावर पंख्याचा आवाज, कारण हा हेडफोन मागून उघडा आहे. शिखर ११० डेसिबलपर्यंत न्यायचं तर सुमारे अडीच व्होल्ट लागतात. तेवढे मदरबोर्डकडून येत नाहीत, चांगला हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर ते सहज देतो. या एकाच तक्रारीसाठी नवं यंत्र खरोखर गरजेचं होतं. बाईंना मी हेही सांगितलं की ही मोकळीक हळू मुद्रणांसाठी आहे. सीडीवरचं भरघोस मुद्रण लागलं की नॉब आधी खाली आणायचा. ज्यांचं पोट कानावर आहे त्यांनी ऐंशी डेसिबलच्या वर तासन्‌तास बसू नये.

पुढच्या भोकातली किर्र-किर्र तोवर कळून चुकली होती. तिथली वायर मदरबोर्डच्या कोपऱ्यातून निघून ग्राफिक्स कार्डाला खेटून पुढे जाते. हेडफोन मागच्या भोकात लावला की ती जवळजवळ गेली. डॅक आल्यावर तो प्रश्नच संपणार होता.

फिओचं के७ या गरजांत नेमकं बसलं: ऑप्टिकल इनपुट, स्वतःचा अ‍ॅडॉप्टर, मोठ्या जॅकचं हेडफोन आउटपुट २५० ओहमला पुरून उरेल असं, आणि मागे अ‍ॅम्प्लिफायरसाठी लाइन आउट. पुढच्या बटणाने हेडफोन की स्पीकर ते निवडता येतं. विकत घेण्याआधी सांगलीतल्या एका मित्राकडून त्याचंच तसलं यंत्र दोन दिवस मागून आणलं. ऑप्टिकलची वायर लावली, यूएसबी मुद्दाम लावली नाही, छत्रीची केबल जोडलेली ठेवली, टीव्ही चालू ठेवला. स्पीकर शांत. बाईंनी काळी चारचा तानपुरा लावला आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या, "जुळला."

तरीही मी त्यांना आणखी एक तुलना करायला लावली, कारण नव्या यंत्राबद्दल कानाला लगेच प्रेम वाटतं. आवाज थोडासा जरी मोठा असला तरी माणसाला तो चांगला वाटतो, म्हणून आधी पातळी जुळवली: २०० हर्ट्झचा सूर वाजवून मल्टिमीटरने दोन्ही आउटपुटचं व्होल्टेज सारखं केलं. साधे मल्टिमीटर १ किलोहर्ट्झवर चुकतात, २०० वर बरे असतात. मग छत्रीची केबल काढून, म्हणजे हम नसताना, त्याच स्पीकरवर मदरबोर्ड आणि डॅक आलटून पालटून, बाईंना न सांगता. त्यांना फरक सांगता आला नाही, आणि त्यांनी तो ओढूनताणून सांगितलाही नाही. हेडफोनवर मात्र हळू मुद्रणांत फरक स्पष्ट होता, आणि तो ताकदीचा होता. बाईंनी यंत्र घेतलं ते हम जाणं आणि हेडफोनची ताकद या दोन कारणांसाठी, चिपच्या नावासाठी नाही, आणि मला ते फार समाधानाचं वाटलं.

परिस्थिती थोडी वेगळी असती तर सल्ला पार बदलला असता. बाईंकडे ३२ ओहमचा साधा हेडफोन असता आणि स्पीकर नसते, तर अ‍ॅपलचा यूएसबी-सीवरून ३.५ मिलिमीटरचा छोटासा डाँगल पुरला असता. एवढ्याशा वस्तूतून निघणारा स्वच्छ आवाज अजूनही मला चकित करतो. उलट जुन्या मदरबोर्डच्या ऑडिओ भोकाचा अंतर्गत रोध ७५ ओहमच्या घरात असू शकतो. त्यावर ३२ ओहमच्या हेडफोनचा दहा डेसिबल आवाज वाटेतच जातो आणि खालचे सूर सैल पडू शकतात. ऑप्टिकलची झडप नसती तर यूएसबी आयसोलेटर बघावा लागला असता. स्वस्तातले बरेचसे १२ मेगाबिटला चालतात, पण २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या दोन चॅनेलना तेवढे पुरतात. आणि घरात सिनेमासाठी सहा स्पीकर असते, गेम खेळणारा मुलगा असता, तर एई-५ सारख्या अंतर्गत कार्डाचा विचार मी पुन्हा केला असता.

यंत्र बसल्यावर बाईंनी कपाटातून एक पेटी काढली. त्यात त्यांच्या गुरूंच्या तालमीच्या कॅसेट, पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या. या कॅसेट कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायला नवं साउंड कार्ड लागेल का, असा प्रश्न आला. डॅकला इनपुट असलं तरी ते ध्वनी कॉम्प्युटरकडे पाठवत नाही, त्यामुळे त्याचा इथे उपयोग नाही. पण मागचं निळं भोक, मदरबोर्डचंच लाइन इन, याचा आकडा ९० डेसिबल आहे आणि कॅसेटची झेप पंचावन्न. कॅसेट वाजवायचा डेक दोन पिनचा, कॉम्प्युटरशिवाय कशालाच जोडलेला नाही, म्हणजे लूप नाही. तेव्हा तेच वापरायचं ठरलं. डेकचं हेड स्पिरिटने पुसायचं, प्रत्येक कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्यायची, पातळी शिखराला उणे सहा डेसिबलवर ठेवायची, आणि २४ बिटांत नोंदवून फ्लॅकमध्ये, म्हणजे काहीही न गमावता लहान होणाऱ्या फायलीत, साठवायचं. नोंदणी चालू असताना लाउडनेस इक्वलायझेशन आणि नॉइज सप्रेशन दोन्ही बंद आहेत ना, ते दर वेळी बघायचं, कारण विंडोजच्या अपडेटनंतर या खुणा पुन्हा येऊन बसू शकतात. पहिली कॅसेट मारव्याची निघाली. तिचा अझिमथ, म्हणजे हेडचा टेपशी असलेला कोन, दुसऱ्या कुठल्या डेकवर भरताना वाकडा होता, म्हणून हेडचा लहान स्क्रू ऐकत ऐकत फिरवून तानपुऱ्याची वरची झंकार उघडेपर्यंत आणला, आणि मग नोंदणी सुरू केली.